टाकी घेण्याआधी मासा ठरवा: घरातील मत्स्यालयासाठी मासे आणि टाकीचे माप कसे निवडावे

घरात मत्स्यालय आणायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत खरेदी उलट्या क्रमाने होते. दिवाणखान्याच्या मोकळ्या कोपऱ्यात बसेल अशी टाकी आधी येते, त्याच दिवशी त्याच दुकानातून मुलांना आवडलेले दहा-बारा मासे पिशव्यांत भरून येतात आणि पंधरवड्याच्या आत त्यांतले निम्मे मासे मरतात. दोष पाण्याला दिला जातो किंवा आपल्याला मासे लाभत नाहीत असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ज्या माशाला तीन फुटांची टाकी लागते तो दीड फुटात ठेवलेला असतो, किंवा थंड पाण्याचा मासा उन्हाळ्यातल्या तीस अंशांच्या पाण्यात सोडलेला असतो. हे टाळण्यासाठी क्रम बदलावा लागतो. आधी घरातली जागा आणि नळाचे पाणी पाहावे, मग पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होणारा मासा आपण पोसू शकतो ते ठरवावे, त्यावरून टाकीचे माप काढावे आणि माशांची संख्या सर्वांत शेवटी ठरवावी. जागा कमी असेल तर लहान जातीचा मासा निवडावा; मोठ्या जातीचे पिल्लू आणून ते लहान टाकीत मावेल अशी आशा धरू नये.

जागा आणि वजन

आपल्याकडे टाक्या फुटांत आणि इंचांत विकल्या जातात, तर औषधे, हीटर आणि फिल्टर यांचा हिशेब लिटरमध्ये असतो. त्यामुळे एक आकडा लक्षात ठेवावा: एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावते. वरची मोकळी जागा, तळाची वाळू आणि दगड वजा केले की प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास उरते. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण १५९ लिटर मावतात, तर चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकीत २५५ लिटर. माशांचा हिशेब करताना काठोकाठचा आकडा न धरता त्याच्या सुमारे ८० टक्के धरावा.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे माहीत असूनही टाकी ठेवताना विसरले जाते. दोन फुटी टाकी पाणी, वाळू आणि काचेसह ७० किलोंच्या घरात जाते. मजबूत लाकडी कपाटावर ती ठेवता येते. पातळ प्लायच्या टीव्ही युनिटवर ठेवू नये. चार फुटी टाकी स्टँडसह ३२५ ते ३५० किलोंची होते आणि हे सगळे वजन जेमतेम सहा चौरस फुटांवर येते. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापर-भार धरून आखला जातो, परंतु तो भार संपूर्ण खोलीभर पसरलेला असतो, हे समजून घ्यावे. म्हणून मोठी टाकी नेहमी भिंतीलगत, शक्यतो तुळईच्या रेषेत ठेवावी, खोलीच्या मध्यभागी किंवा पुढे आलेल्या बाल्कनीत ठेवू नये, आणि चार फुटांपेक्षा मोठी टाकी जुन्या इमारतीत घ्यायची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारावे. काचेच्या बाबतीत एक फूट उंचीच्या दोन फुटी टाकीला ५ मिलिमीटर, दीड फूट उंचीच्या तीन फुटी टाकीला ८ मिलिमीटर आणि तेवढ्याच उंचीच्या चार फुटी टाकीला १० मिलिमीटर जाडी मागून घ्यावी. काचेवरचा दाब मुख्यतः पाण्याच्या उंचीनुसार वाढतो, त्यामुळे उंच टाकी करून घेताना जाडीत काटकसर करू नये.

थेट ऊन येणाऱ्या खिडकीजवळ टाकी ठेवली तर शेवाळ वाढते आणि दुपारी पाणी तापते. प्लगची सोय जवळ हवी, आणि पाणी बदलण्यासाठी बादली घेऊन जाता येईल एवढी वाट मोकळी असावी. जिथे पोहोचणे कठीण असते तिथे पाणी बदलणे हमखास लांबणीवर पडते.

नळाला कोणते पाणी येते

मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा या जलाशयांचे पाणी मिळते आणि पुण्याला खडकवासला साखळीतल्या धरणांचे. पावसाचे साठवलेले हे पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते. याउलट दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून येणारे बोअरवेलचे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते, आणि ज्या सोसायट्यांना टँकरचे पाणी येते त्यांच्याकडे ते बहुतेक वेळा बोअरचेच असते. नळाच्या तोटीवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर साचत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर आपले पाणी जड आहे असे समजावे. नेमकेपणा हवा असेल तर सामू (pH, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी) आणि जडपणा मोजणारे थेंबांचे किट घ्यावे. ते टाकीच्या किमतीच्या मानाने फार महाग नसते.

हे पाहण्याचे कारण असे की मासा बदलणे सोपे आहे, पाणी कायमचे बदलणे फार कठीण. जड पाणी आले तर मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गप्पी हे पिल्ले देणारे मासे त्यात उत्तम राहतात. मोलीला तर मृदू पाण्यात ठेवले की ती अंग आकसून एका जागी डुलत राहते आणि लवकर आजारी पडते. मृदू पाण्यात टेट्रा, रासबोरा, हनी गुरामी आणि तळाशी राहणारे कोरीडोरस हे लहान मासे सुखाने राहतात. घरातल्या आर.ओ. यंत्राचे पाणी जसेच्या तसे टाकीत घालू नये, कारण त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात आणि अशा पाण्याचा सामू स्थिर राहत नाही. जड पाणी थोडे सौम्य करायला नळाच्या पाण्यात ते मिसळता येते, पण मग प्रत्येक वेळी तेच प्रमाण ठेवावे लागते. पालिकेच्या पाण्यातला क्लोरीन घालवण्यासाठी अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत किंवा पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे.

पाण्याइतकेच तापमान महत्त्वाचे. एप्रिल-मे महिन्यांत मुंबई-कोकणातल्या घरांत टाकीचे पाणी २९ ते ३१ अंशांवर सहज जाते. विदर्भात वाळ्याचा कूलर लावलेल्या खोलीत पाणी थोडे आटोक्यात राहते, पण बंद घरात ते त्याहूनही तापते. पुणे आणि नाशिकच्या हिवाळी रात्रींत तेच पाणी २० अंशांच्या खाली उतरते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. म्हणजे मे महिन्यात त्याच टाकीत मासे जास्त वेगाने श्वास घेतात आणि प्राणवायू मात्र कमी असतो. ज्या घराने जानेवारीत टाकी काठोकाठ भरून मासे ठेवले, त्या घराचे मासे मे महिन्यात पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसतात, ते यामुळे.

त्यामुळे दुकानात सर्वांत जास्त खपणारा नियॉन टेट्रा मुंबईसाठी मी सुचवत नाही. त्याला २६ अंशांच्या खालचे पाणी मानवते. त्याच रंगाचा, किंचित मोठा कार्डिनल टेट्रा २९ अंशांपर्यंत चांगला तग धरतो. हार्लेक्विन रासबोरा आणि हनी गुरामीही उष्ण पाण्यात आनंदाने राहतात. कोरीडोरसमध्ये स्टरबाय ही जात उष्णता सहन करते, पेपर्ड ही जात करत नाही. झेब्रा डॅनिओ आणि गोल्डफिश हे दोन्ही पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर अशा ठिकाणी अधिक सुखी असतात. तिथेही हिवाळ्यात उष्ण पाण्याच्या माशांसाठी हीटर लागतोच. दर लिटरला एक वॅट असा सोपा हिशेब धरावा.

पूर्ण वाढलेला मासा केवढा असतो

दुकानातला जवळजवळ प्रत्येक मासा पिल्लू असतो. निवड करताना हीच गोष्ट सर्वांत घातक ठरते, म्हणून इथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

दुकानात ‘शार्क’ म्हणून दोन-तीन इंचांचा चंदेरी, काळ्या पट्ट्याचा, काचेजवळ थव्याने येरझाऱ्या घालणारा जो मासा मिळतो, तो शार्क नव्हे, मेकाँग नदीच्या खोऱ्यातला पंगास आहे. त्याची पूर्ण वाढ एक मीटरच्या पुढे जाते. देशभरातल्या तलावांत खाण्यासाठी पोसला जाणारा पंगास हाच. तो स्वभावाने भित्रा असतो. खोलीत अचानक दिवा लागला तरी उसळी मारून काचेवर नाक आपटतो, आणि अशा टाक्यांत त्याच्या नाकावर पांढरी जखम कायम दिसते. घरातल्या कोणत्याही टाकीत तो ठेवू नये. बाला शार्क आणि टिनफॉइल बार्ब एक फुटापेक्षा मोठे होतात. ऑस्कर वर्षभरात दहा-अकरा इंच गाठतो, पुढे एक फुटाच्या वर जातो आणि शेजारचा तोंडात मावेल तो मासा खातो. फ्लॉवरहॉर्न एक फुटाचा होतो आणि त्याला एकटेच ठेवावे लागते. सिल्व्हर अरोवाना घरातल्या टाकीतही दोन-अडीच फूट वाढतो. घरात भरभराट येते म्हणून चार फुटी टाकीत तो ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे, पण त्या टाकीत त्याला धड वळताही येत नाही. आशियाई अरोवाना ही वेगळी जात असून ती सायटिस या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. कागदपत्रांशिवाय तो घेऊ नये.

काच साफ करतो म्हणून दिला जाणारा ‘सकर’ हाही असाच फसवा. दोन इंचांचे काळे पिल्लू दीड फुटापर्यंत वाढते, मोठेपणी शेवाळ खाण्यात त्याला फारसा रस राहत नाही आणि तो स्वतःच एवढी विष्ठा टाकतो की तळ सतत घाण दिसतो. मग कंटाळलेली माणसे तो नदीत किंवा तलावात सोडून देतात. भीमेवरच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत हा मासा सापडतो. त्याच्या काटेरी खवल्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर ब्रिसलनोज ही जात घ्यावी. ती पाच-सहा इंचांच्या पुढे जात नाही आणि शंभर लिटरच्या टाकीत नीट राहते. नको झालेला कोणताही मासा नैसर्गिक पाण्यात सोडू नये. दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.

‘टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकू येते, आणि ते धोकादायक अर्धसत्य आहे. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरे, परंतु ती खुंटते साचलेल्या घाणीमुळे आणि सततच्या ताणामुळे. अशा माशाचा कणा वाकतो, रोगप्रतिकारशक्ती जाते आणि आयुष्य निम्म्याहून कमी होते. गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. काचेच्या गोल भांड्यात तो वर्षभरात मरतो, तेव्हा गोल्डफिश कमी जगतात असा गैरसमज आणखी पक्का होतो.

टाकीचे माप काढण्याची रीत

पूर्ण वाढीची लांबी कळली की माप काढणे सोपे आहे. मोठ्या, संथ माशासाठी टाकीची लांबी माशाच्या लांबीच्या किमान चौपट आणि रुंदी किमान दीडपट असावी, म्हणजे त्याला शेपूट न घासता वळता येईल. एक फुटाच्या ऑस्करला म्हणूनच चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी ही सुरुवात ठरते. पाच फुटी मिळाली तर अधिक चांगले. ओरांडा, रयुकिन असे दुहेरी शेपटीचे गोल्डफिश सहा-सात इंचांचे होतात; दोघांसाठी सव्वा फूट रुंदीची तीन फुटी टाकी लागते. एकेरी शेपटीचा कॉमेट मात्र एक फुटाकडे झुकतो आणि वेगाने पोहतो, त्यामुळे त्याची जागा अंगणातल्या हौदात आहे.

थव्याने राहणाऱ्या लहान माशांना लांबीच्या पंधरापट पल्ला हवा आणि सतत धावणाऱ्यांना वीसपट. दीड इंचांच्या कार्डिनलला या हिशेबाने दोन फुटी टाकी पुरते. दोन इंचांच्या झेब्रा डॅनिओला तीन फुटांहून थोडा अधिक पल्ला निघतो, म्हणून त्याला तीन फुटांपेक्षा कमी टाकी देऊ नये. अडीच इंचांचा टायगर बार्बही तीन फुटांतच ठेवावा. हे गणित फूटपट्टीने मोजायचे नाही, पण ते केले की चुकीचे पर्याय पहिल्या पाच मिनिटांतच गळून पडतात.

उंचीला आपल्याकडे दिखाव्यासाठी फार महत्त्व दिले जाते. बहुतेक मासे आडवे पोहतात आणि प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून मिसळतो, त्यामुळे तेवढेच पाणी उंच टाकीत भरले तर त्यात कमी मासे राहतात. कोपऱ्यात शोभणाऱ्या अरुंद, उंच टाक्या म्हणूनच टाळाव्यात. अपवाद एंजलचा: त्याचे वरचे आणि खालचे पर धरून उंची दहा इंचांपर्यंत जाते, म्हणून त्याला किमान दीड फूट उंचीची टाकी लागते.

फायटर हा लोकांना सर्वांत लहान जागेत ठेवण्याजोगा मासा वाटतो, कारण तो दुकानात बाटलीत ठेवलेला असतो. पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेण्याचा खास अवयव त्याला असल्यामुळे तो बाटलीत तग धरतो, एवढेच. त्याला किमान २० लिटरची टाकी, २४ ते २८ अंशांचे पाणी, हळू प्रवाहाचा स्पंज फिल्टर आणि वर झाकण द्यावे. नर एका टाकीत एकच ठेवावा. ज्यांच्याकडे खरोखर फक्त दीड फुटांची जागा आहे त्यांच्यासाठी एकटा फायटर ही माझ्या मते सर्वांत चांगली निवड आहे, कारण त्या जागेत तो पूर्ण आयुष्य नीट जगू शकतो.

किती मासे ठेवावेत

‘एक इंच माशाला चार लिटर पाणी’ हा नियम जगभर चालतो. दीड-दोन इंचांच्या सडपातळ माशांना तो साधारण लागू पडतो आणि त्यापलीकडे फसतो. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याची रुंदी आणि जाडीही वाढते, त्यामुळे वजन आठपट होते. दहा इंचांचा एक ऑस्कर म्हणजे एक इंचाचे दहा टेट्रा नव्हेत. वजनाने तो त्या दहांच्या मिळून जवळपास शंभरपट असतो, आणि टाकीतली घाण वजनाच्या व खाण्याच्या मानाने होते. म्हणून दोन इंचांपर्यंतच्या माशांसाठीच हा नियम वापरावा, तोही पूर्ण वाढीची लांबी आणि प्रत्यक्ष पाणी धरून. चार इंचांच्या वरच्या प्रत्येक माशाचा विचार स्वतंत्रपणे करावा.

घाणीचे नेमके काय होते ते समजले की संख्येचा मोह आपोआप कमी होतो. मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट अगदी थोडे असले तरी विषारी असतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि पाणी बदलून काढता येते. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंशांना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो; सामू ८ झाला की तोच सुमारे पाच टक्के होतो. म्हणजे बोअरच्या पाण्यात आणि उन्हाळ्यात मासे जास्त झाल्याची शिक्षा अधिक लवकर मिळते. अशा घरांनी संख्या हिशेबापेक्षा पाव भागाने कमीच ठेवावी.

लाइट जाण्याचाही विचार संख्येत धरावा. फिल्टर बंद पडला की गच्च भरलेल्या टाकीत दोन-तीन तासांत प्राणवायू कमी पडू लागतो, तर मोकळ्या टाकीतले मासे रात्रभर तरतात. जिथे भारनियमन नेहमीचे आहे तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी घरात असावी.

कोणाबरोबर कोण

थव्याचे मासे सहाच्या खाली ठेवू नयेत. आठ ते दहा ठेवले की ते खऱ्या अर्थाने एकत्र पोहतात आणि भित्रेपणा जातो. ‘प्रत्येकी दोन’ घेण्याची सवय याच कारणाने सोडावी. टायगर बार्ब कमी संख्येत ठेवले की दुसऱ्यांचे पर कुरतडतात. एंजल, गुरामी, फायटर किंवा लांब शेपटीचे गप्पी त्यांच्याबरोबर कधीही ठेवू नयेत. एंजल मोठा झाला की नियॉन आणि कार्डिनल त्याचे खाद्य ठरतात. गोल्डफिशला थंड पाणी हवे, तो घाण जास्त करतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, म्हणून त्याच्याबरोबर फक्त गोल्डफिशच ठेवावेत. आफ्रिकन सिक्लिडला जड, अल्कधर्मी पाणी आणि चार फुटी स्वतंत्र टाकी लागते.

गप्पीबद्दल एक इशारा. डासांच्या अळ्या खातो म्हणून पालिका आणि ग्रामपंचायती जो मासा पाणवठ्यांत सोडतात तोच हा, आणि तो दर महिन्याला वीस-पन्नास पिल्ले देतो. नर-मादी एकत्र आणल्यास सहा महिन्यांत दोन फुटी टाकी ओसंडते. पिल्लांची व्यवस्था होणार नसेल तर फक्त नर घ्यावेत. रंगही त्यांचेच सुंदर असतात.

तीन चालणाऱ्या रचना

मुंबईच्या फ्लॅटमध्ये पालिकेचे मृदू पाणी आणि दोन फुटी टाकी असेल, तर एक हनी गुरामी आणि आठ हार्लेक्विन किंवा कार्डिनल ठेवावेत. वर गुरामी संथपणे फिरते, मधल्या थरात थवा असतो आणि तळाला काही गोगलगायी पुरतात. ड्वार्फ गुरामी अधिक रंगीत असते, पण बाजारातल्या तिच्या पिल्लांत विषाणूजन्य रोग बराच आढळतो, म्हणून हनी गुरामीच घ्यावी.

तीच मुंबई, पण दीड फूट उंचीची तीन फुटी टाकी असेल तर बारा कार्डिनल, बारीक वाळूवर सहा स्टरबाय कोरीडोरस आणि हनी गुरामींची जोडी एवढे मासे ठेवावेत. कोरीडोरस तळ हुंगत खातात आणि टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात, त्यामुळे इथे रंगीत खडी घालू नये. ज्यांना एंजलच हवे आहेत त्यांनी याच टाकीत एंजलची एक जोडी आणि कोरीडोरस ठेवावेत व कार्डिनलचा नाद सोडावा.

बोअरचे जड पाणी असलेल्या घरात दोन फुटी टाकीत आठ नर गप्पी सुखाने राहतात. टाकी तीन फुटी असेल तर पाच मोली आणि सहा प्लॅटी घ्याव्यात, मात्र प्रत्येक नरामागे दोन किंवा तीन माद्या ठेवाव्यात. नर जास्त झाले की ते मादीचा सतत पाठलाग करून तिला दमवतात.

टाकी मुरवणे आणि दुकानात मासा पाहणे

टाकी लावल्यावर चार ते सहा आठवडे ती बिनमाशांची चालवावी. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे त्यापासून अमोनिया तयार होऊन जिवाणू वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी मुरली असे समजावे. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला स्पंज पिळून ते गढूळ पाणी आपल्या टाकीत घातले, तर हा काळ बराच कमी होतो. फिल्टर तासाला टाकीतले पाणी चार-पाच वेळा फिरवेल असा घ्यावा आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खंगाळावा.

दुकानात गेल्यावर घाई करू नये. दुकानदाराला चिमूटभर खाद्य टाकायला सांगावे. निरोगी मासा लगेच वर झेपावतो. जो कोपऱ्यात पर मिटून थांबतो, ज्याचे पोट आत गेले आहे, ज्याचे कल्ले भराभर हलत आहेत किंवा ज्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत, तो घेऊ नये आणि त्याच टाकीतला दुसराही घेऊ नये. गुलाबी, निळे, हिरवे असे एकाच जातीचे भडक मासे दिसले तर ते बहुधा रंगवलेले असतात. विडो टेट्रा असे रंगवून सर्रास विकले जातात. रंग काही महिन्यांत उतरतो आणि त्या प्रक्रियेत माशांचे हाल होतात. ते विकत घेतले नाहीत तरच हा प्रकार थांबेल.

पहिल्या खेपेला ठरवलेल्या संख्येचा तिसरा हिस्साच आणावा. पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग अर्धा तास थोडे थोडे टाकीचे पाणी तिच्यात घालावे आणि शेवटी जाळीने मासा उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पुढची खेप दोन आठवड्यांनी आणावी. भांडखोर किंवा स्वतःची हद्द राखणारा मासा, उदाहरणार्थ एंजल, सर्वांत शेवटी आणावा, म्हणजे आधीच्यांना आपली जागा सापडलेली असते.

पुढे दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि बदलण्याच्या आदल्या दिवशी नायट्रेट मोजावे. आकडा सातत्याने २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) खाली राहत असेल तर टाकीत अजून थोडी जागा आहे. नियमित पाणी बदलूनही तो ४० च्या वर जात असेल तर आपण खाद्य जास्त घालत आहोत किंवा मासे जास्त आहेत. आधी खाद्य निम्मे करावे, दोन आठवडे थांबावे, आणि तरीही आकडा उतरला नाही तर काही मासे दुसऱ्या टाकीत हलवावेत. नव्या माशांचा विचार एक पूर्ण उन्हाळा पार पडल्यावर, मे महिन्यातले आकडे हातात घेऊनच करावा.